तर्फे, उर्फ आणि जेएस

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाट जिथून कोकणात उतरायला लागतो तिथे एक कोरीव लेणं आहे. पावसाळ्यात तिथे जाऊन फोटो काढलेले तुमच्यापैकी बरेच असतील. या लेण्याच्या मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या कुठे कुठे उरल्यात. पण मूर्तींच्या वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं अजून आहेत. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती, आणि राजा श्री सातकर्णी. कुमार हकुसिरी. अशी बरीच.

समोर कोण उभं आहे हे बघणाऱ्याला कळावं, एवढंच त्या नावांचं काम असणार. दोन हजार वर्षांनी इतिहासकारांनी याच नावांचा आधार घेऊन सातवाहनांच्या सुरुवातीच्या पिढ्या लावायला घेतल्या. मूर्ती गेल्या तरी चाललं, पण नावं पुसली असती तर इतिहासाचं एक पान कोरं राहिलं असतं. नाव एका कामासाठी दिलं गेलं आणि भलत्याच कुणीतरी भलत्याच कामासाठी त्याच्यावर भार टाकला.

नावांचं हे असं होणं मला रोज दिसतं, कारण माझं पोटच त्यावर आहे. मी पुण्यात वेबसाइटच्या दर्शनी बाजूचं काम करते. तुम्ही मोबाइलवर जे बटण दाबता, ते दिसायला कसं असेल आणि दाबल्यावर काय होईल, हे लिहिणं माझं काम. गाव आंबेगाव तालुक्यात, आजोळ जुन्नर तालुक्यात. आमच्या धंद्यातली नावं ठेवायची एक छोटीशी पद्धत आणि या दोन तालुक्यांतली गावांची नावं यांचं नातं मला गेली काही वर्षं खुणावतंय. ते सांगायचं तर आधी बटणापासून सुरुवात करावी लागेल.

वेब पानावरच्या प्रत्येक वस्तूला एक किंवा अनेक 'क्लास' देता येतात. क्लास म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी. बटणाला 'हिरवं-बटण' असा क्लास दिला, की रंगरूपाच्या फाइलीत लिहायचं: ज्यांच्यावर 'हिरवं-बटण' ही चिठ्ठी आहे, ते सगळे हिरवे करा. ही रंगरूपाची भाषा, सीएसएस, डिसेंबर 1996 मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली. पानात हालचाल आणणारी भाषा त्याच्या वर्षभर आधी आली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकनं 1995 च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि वर्ष संपता संपता जावास्क्रिप्ट. जावा या भाषेशी तिचा फारसा संबंध नव्हता. जावाचा बोलबाला होता म्हणून ते नाव. म्हणजे आमच्या भाषेचं स्वतःचं नावही दाखवण्यासाठी वेगळं आणि कामासाठी वेगळं!

1997 च्या डिसेंबरात एचटीएमएल 4 चं प्रमाणपत्रक आलं. त्यात क्लासची दोन कामं सांगितली होती: रंगरूप ठरवणाऱ्याला वस्तू सापडावी, आणि इतर कुठल्याही प्रक्रियेसाठी वापरता यावी. एकाच चिठ्ठीवर दोन धनी. सुरुवातीला याचा त्रास नव्हता, कारण स्क्रिप्टला क्लासवरून वस्तू शोधायची सोय ब्राउझरमध्ये नव्हतीच. स्क्रिप्ट बहुधा आयडी वापरायची, आणि एक आयडी पानात एकाच वस्तूला देता येतो.

जानेवारी 2006 मध्ये जॉन रेसिगनं जेक्वेरी नावाची लायब्ररी लोकांसमोर ठेवली. रंगरूपाच्या फाइलीत जशी चिठ्ठीवरून वस्तू निवडतात, तशीच स्क्रिप्टमध्येही निवडा, असं तिचं म्हणणं. हे इतकं सोपं होतं की जगभरच्या वेबसाइटवर ती पसरली. पुढे दोन-तीन वर्षांत ब्राउझरमध्येच तशी सोय आली. आता 'हिरवं-बटण' या चिठ्ठीवर खरोखरच दोन धन्यांचा हात पडला. रंगारी त्यावरून रंग देतो आणि स्क्रिप्ट त्याच चिठ्ठीवरून बटण शोधून फॉर्म पाठवते.

मग एके दिवशी कंपनीचा रंग बदलतो. रंगारी म्हणतो, बटण आता निळं आहे, त्याला 'हिरवं' म्हणणं बरं दिसत नाही. तो चिठ्ठी बदलून 'निळं-बटण' करतो. पान सुंदर दिसतं. बटण दाबलं तर काहीच होत नाही. कुठे लाल अक्षरात चूक दिसत नाही, काही कोसळत नाही. बटण नुसतं मुकं होतं. स्क्रिप्ट अजून 'हिरवं-बटण' शोधत असते, आणि त्या नावाचं पानावर कुणीच नसतं.

यावर निघालेला उपाय तंत्रज्ञान म्हणावा इतकाही मोठा नाही. स्क्रिप्टसाठी वेगळी चिठ्ठी द्यायची आणि तिच्या पुढे 'जेएस-' अशी खूण लावायची. 'जेएस-फॉर्म-पाठव'. रंगाचा क्लास वेगळा, कामाचा वेगळा. एकाच बटणावर दोन्ही सुखानं नांदतात. 2012 च्या मार्चमध्ये निकोलस गॅलाघर या प्रोग्रॅमरनं एका लांबलचक लेखात ही पद्धत नीट मांडली, आणि त्या सुमारास बऱ्याच कंपन्यांच्या नियमावलीत ती आली. नियम दोनच. एक, जेएस- लावलेल्या नावाला कधी रंगरूप द्यायचं नाही. दोन, ते नाव स्क्रिप्टमध्ये शोधून पाहिल्याशिवाय काढायचं नाही.

ब्राउझरला या खुणेचा काही अर्थ कळत नाही. त्याच्या लेखी 'जेएस-फॉर्म-पाठव' आणि 'गुळाची-ढेप' सारखेच. खूण आहे ती माणसासाठी. उद्या या फाइलीत कुणी अनोळखी येईल, त्याला मी आधीच सांगून ठेवलंय: बाबा रे, या नावावर दुसरं कुणीतरी विसंबून आहे, विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

आता गावाकडे चला.

नारायणगाव किंवा मंचरच्या एसटी स्टँडवर उभं राहून नुसतं 'महाळुंग्याला जायचंय' म्हणालात, तर पुढचा प्रश्न येतो, 'कुठलं महाळुंगे?' आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे. 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली बळी गेलेल्या हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. शिवाय महाळुंगे तर्फे घोडा आहे आणि महाळुंगे तर्फे आंबेगाव आहे. जुन्नर तालुक्यात हिवरे तर्फे नारायणगाव आणि हिवरे तर्फे मिन्हेर आहे. अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द जवळजवळ. वडगावांची तर रांगच: वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव सहाणी, वडगाव काशिंबेग, वडगाव पीर.

गाव वसवणाऱ्यांनी नाव दिलं ते समोर जे होतं त्यावरून. पिंपळ दिसला, पिंपळगाव. हिवराची झाडं, हिवरे. वड, वडगाव. प्रत्येक खोऱ्यात पिंपळ आणि वड असतातच, त्यामुळे तीच नावं पुन्हा पुन्हा आली. गावातल्या माणसाला त्याची अडचण नव्हती, कारण त्याच्या बोलण्यात एकच पिंपळगाव असायचं. अडचण दप्तराला होती. सारा कुठल्या हिवऱ्याचा आला आणि कुठल्या हिवऱ्याचा राहिला, हे कागदावर वेगळं दिसायला हवं होतं.

म्हणून नावाला शेपूट लागलं. 'तरफ' हा मूळ अरबी शब्द, अर्थ बाजू किंवा दिशा. तो फारसीतून दख्खनच्या कारभारात आला. बहमनी राज्यात तरफ म्हणजे अख्खा सुभा होता. पुढे त्याचा आकार लहान होत होत काही गावांच्या गटापर्यंत आला. बुद्रुक आणि खुर्द हेही फारसी, बुजुर्ग म्हणजे थोर आणि खुर्द म्हणजे धाकटं. या भागात फारसी दप्तर मुरलेलं होतं. 1490 मध्ये मलिक अहमदनं बहमनींपासून फुटून निजामशाही उभी केली ती जुन्नरमधूनच; अहमदनगर त्यानंतर वसलं.

'मिन्हेर' हा शब्द मात्र या मातीतला. मीना नदीचं खोरं ते मिन्हेर, कुकडीचं कुकडनेर, भीमेचं भीमनेर. हिवरे तर्फे मिन्हेर या एका नावात झाड, फारसी दप्तर आणि नदीचं खोरं असे तीन थर आहेत. त्यातलं 'हिवरे' हे गावकऱ्याचं, 'तर्फे मिन्हेर' हे कारकुनाचं. गावात कुणी पाहुण्याला 'या एकदा आमच्या हिवरे तर्फे मिन्हेरला' असं म्हणत नाही. पण सातबाऱ्यावर ते तीन शब्द पूर्ण लागतात. माझ्या डोळ्यांना 'तर्फे' हे शुद्ध 'जेएस-' दिसतं. बोलण्यातलं नाव मोकळं राहिलं, आणि दप्तराला पकडायला एक कडी मिळाली.

या कडीची ताकद कधी कळते? नावं बदलायची लाट येते तेव्हा. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणं हा त्याचा हेतू. कोशात शब्द बदलता येतो, पदाचं नाव बदलता येतं. पण महाराजांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला, तिच्या आसपासच्या गावांच्या नावातले बुद्रुक आणि खुर्द आजही जागेवर आहेत. अशा प्रत्येक शेपटीला वतनं, हद्दी, येणं-देणं टांगलेलं असतं. ते ओढलं तर काय काय खाली येईल याचा अंदाज कुणालाच नसतो. आज धाकटं गाव वाढून थोरल्यापेक्षा मोठं झालं, म्हणून कुणी पाटीवरचं खुर्द पुसून बुद्रुक लिहीत नाही.

सगळ्यात अजब उदाहरण आंबेगावचंच. तालुका आंबेगाव, पण तहसील कचेरी घोडेगावात. मोठी बाजारपेठ मंचरला. मग आंबेगाव कुठे? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं आणि तालुका त्याच्या नावानं चालू राहिला. महाळुंगे 'तर्फे आंबेगाव' हे नावही चालू राहिलं. तरफ नावाची व्यवस्था कधीच संपली, आणि ज्या गावाकडे ती बोट दाखवते ते गाव पाण्यात. तरी ते दोन शब्द काढा असं कुणी म्हणत नाही, कारण सातबारा, खरेदीखत, बँकेचा बोजा, सगळं त्यांना धरून आहे. धरणाच्या जलाशयालाही बाबू गेनूंचं नाव दिलंय. बोलताना मात्र सगळे डिंभेच म्हणतात. दोन्ही नावं आपापल्या जागी नांदतात.

आमच्याकडेही हेच होतं. स्क्रिप्ट कधीच काढून टाकलेली असते, पण पानावर 'जेएस-जुनं-कॅलेंडर' अशी चिठ्ठी राहते. काढावी का? कदाचित कुणी वापरत असेल. राहू दे. अशा राहून गेलेल्या चिठ्ठ्या आमच्या फाइलींत ढिगानं आहेत. पद्धतीचा हा तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा: खूण सांगते की कुणीतरी विसंबलंय, पण तो कुणीतरी अजून आहे का, हे सांगत नाही. 2014 मध्ये पक्क्या झालेल्या एचटीएमएल 5 नं 'डेटा-' नावाची वेगळी जागाच दिली, क्लासच्या बाहेर. आता चाचणी करणारे त्यांची स्वतःची चिठ्ठी तिथे लावतात, स्क्रिप्टवाले त्यांची. कडी वेगळी करायची, हे तत्त्व तेच.

कडी वेगळी करायचा दुसरा रस्ता म्हणजे आकडा. ज्याला अर्थच नाही त्याचा अर्थ बदलायची भीती नाही. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. सारख्या नावाची गावं आणि पत्त्यांच्या नाना भाषा यातून टपाल सुटावं, म्हणून सहा आकडे. जुन्नर 410502, मंचर 410503, नारायणगाव 410504. तसंच गाड्यांच्या नंबरांचं. शेजारच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण गाड्यांवरचा एमएच 16 आहे तसाच आहे, कारण 16 मध्ये जुनं नाव नव्हतंच. उलट मुंबईचं नाव 1995 मध्ये बदललं, तरी तुमच्या विमानाच्या बोर्डिंग पासवर अजून 'बॉम' येतं. तिथे कडी जुन्या नावातूनच घडवली होती, म्हणून जुनं नाव कडीत अडकून राहिलं.

आकड्यांचा हा खेळ जमिनीत आधीच झाला होता. इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात मोजणी केली तेव्हा शेताला सर्व्हे नंबर आला. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि पुढे गावोगावी योजना लागू झाली तसे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खतात एक आकडा, नव्या सातबाऱ्यावर दुसरा. दोन्ही एकच शेत आहे हे दाखवायला जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता लागतो. म्हणजे आकडाही अमर नाही.

पण सातबाऱ्यावर एक रकाना आहे, तो तुम्ही घरचा उतारा काढून जरूर बघा: 'शेताचे स्थानिक नाव'. गट नंबरच्या जवळच असतो. यंत्रासाठी आकडा आणि माणसासाठी नाव, एकाच ओळीत, वेगवेगळ्या रकान्यांत. ज्यानं हा नमुना आखला त्याला आमचा नियम माहीत होता असंच वाटतं. आमच्या उताऱ्यावर तो रकाना रिकामा आहे. घरात त्या शेताला नाव आहे, रोजच्या बोलण्यात आहे, पण ते लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. आकड्यानं काम चालतंय ना, मग नावाची काय गरज! कडी वेगळी करायच्या नादात नाव गळून पडतं, असंही होतं.

इथपर्यंत गावं आणि शेतं झाली. आता माणूस, आणि त्यातही बाई.

आजोळचे आजोबा गेले तेव्हा वारसनोंद करायची होती. आईचं नाव लागणार होतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. घरात वादही नव्हता. 'ताई, तुझं नाव लागायलाच पाहिजे,' असं मामाच म्हणत होता. अडचण भलतीकडेच होती. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात सासरी पहिलं नावही बदललेलं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. आधारवर सासरचं नाव, बँकेत तेच, पण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. आजोबांच्या रेशनकार्डावर तिचं घरातलं लाडाचं नाव.

भाऊसाहेबांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, 'ही कोण? आणि ही कोण?'

आई म्हणाली, 'दोन्ही मीच.'

हे वाक्य ऐकताना मला मुकं झालेलं बटण आठवलं. नाव बदलणाऱ्यांनी ते प्रेमानंच बदललं असेल. त्यांच्या लेखी ते रंगरूप होतं. नवं घर, नवं नाव. पण त्या जुन्या नावावर शाळेचा दाखला विसंबून होता, वडिलांचा सातबारा विसंबून होता, बापाच्या जमिनीतला तिचा हक्क विसंबून होता. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच राहतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. बाईचं नाव बदलताना कुणी त्याच्यापुढे खूण लावून ठेवली नव्हती की विचारल्याशिवाय हात लावू नका. आता तर शेतकऱ्याचा ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का हे यंत्र बघतं. यंत्राला 'दोन्ही मीच' कळत नाही.

मला कुणी विचारेल, मग लग्नानंतर नाव बदलूच नये का? ते जिचं तिनं ठरवावं. माझी मागणी प्रोग्रॅमरची आहे. जे नाव दाखवायला आहे ते कितीही वेळा बदला, पण ज्याला हक्क टांगलेत ती कडी वेगळी ठेवा, आणि ती वेगळी आहे हे कागदावर दिसू द्या. हा बदल करताना शोध कुणी घ्यायचा, हाही प्रश्न आहे. आमच्या नियमात तो नाव बदलणाऱ्यानं घ्यायचा असतो. घरात मात्र नाव बदलतात सगळे मिळून, आणि नंतर प्रतिज्ञापत्र करत, स्टॅम्प विकत घेत, राजपत्राची प्रत शोधत फिरते ती बाई.

आईच्या बाबतीत शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, लग्नाचा पुरावा जोडला, नोटिशीची मुदत गेली, फेरफार मंजूर झाला. आणि नोंद कशी केली ते बघून मी चकित झाले. माहेरचं पूर्ण नाव, मग एक शब्द, मग सासरचं पूर्ण नाव. तो मधला शब्द 'उर्फ'. हाही अरबीतून आलेला, तर्फेच्याच वाटेनं. एवढ्या एका शब्दात दप्तर सांगतं की इकडून शोधा किंवा तिकडून, सापडेल ती एकच.

तुमच्या घरातल्या आईचं, काकूचं, वहिनीचं नाव कुठल्या कागदावर कसं आहे, हे एकदा बसून पाहा. सगळे कागद एका ओळीत मांडा. आजोबा असतानाच विचारा, ते गेल्यावर नको. जिथे जुळत नसेल तिथे उर्फ लावून घेता येतं का ते भाऊसाहेबांना विचारा. आणि उताऱ्यावरचा तो रिकामा रकाना दिसला, तर शेताला घरात काय म्हणतात तेही लिहून ठेवा, निदान वहीत तरी. आमचं मी लिहिलंय.